विद्यापीठांची ध्येयवचने आणि कल्याणची लेक

जून महिना उजाडला की आपल्या धर्मग्रामातील घराघरांत एकच विषय असतो : मुलांचे कॉलेज. बारावीचा निकाल हाती आलेला असतो, दाखल्यांच्या झेरॉक्स प्रतींची चळत तयार असते आणि ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या फलाटांवर पालक व मुले एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजाकडे निघालेली दिसतात. मागे एकदा आम्हीही ओळखीच्या एका कुटुंबाच्या आग्रहावरून त्यांच्या मुलीबरोबर प्रवेशासाठी गेलो होतो. रांग मोठी होती. समोरच्या भिंतीवरील फलक वाचण्यावाचून दुसरा उद्योग नव्हता. वर ‘आमची दृष्टी’, खाली ‘आमचे ध्येय’. जागतिक दर्जाचे शिक्षण, समाजाच्या सर्व घटकांना संधी, मूल्यांवर आधारलेले व्यक्तिमत्त्व असे भारदस्त शब्द होते. दीड तासाने आम्ही खिडकीपाशी पोचलो आणि फी हप्त्यांनी भरता येईल काय, असे विचारले. आतल्या बाईंनी मान वर न करता ‘तशी सोय नाही’ एवढेच सांगितले.

परतताना मुलीच्या वडिलांनी आम्हांला विचारले, ‘‘ते भिंतीवर लिहिलेले असते, ते कोणासाठी असते हो?’’

त्या वेळी आम्हांला उत्तर सुचले नाही. पण प्रश्न मनात राहिला आणि त्याचा माग काढता काढता आम्ही पावणेदोनशे वर्षे मागे जाऊन पोचलो. तेथे जे सापडले, ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

मिशन : एका शब्दाची फेरी

फलकावरील ‘ध्येय’ हा ज्या इंग्रजी शब्दाचा अनुवाद आहे तो ‘मिशन’ आपल्याला परका नाही. मूळ लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘पाठवणी’. सोळाव्या शतकात येशूसंघीयांनी दूरदेशी धर्मकार्यासाठी केलेल्या पाठवणीला हा शब्द लावला आणि पुढे मिशन शाळा, मिशन इस्पितळ अशा रूपांत तो आपल्या आजोबा-पणजोबांच्या बोलण्यात रुळला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील व्यवस्थापनशास्त्राने तो उचलला. कंपन्या आपापले ‘मिशन’ छापू लागल्या, त्यांच्यामागून विद्यापीठे आली. धर्मकार्यातून निघालेला शब्द बाजारपेठेचा फेरा मारून शाळा-कॉलेजांच्या भिंतीवर परत आला, तो असा.

शब्द नवा असला तरी विद्यापीठाने आपले प्रयोजन लिहून जाहीर करण्याची रीत जुनीच आहे. पूर्वी ते सनदेत, कायद्याच्या प्रास्ताविकात किंवा मुद्रेवरील ब्रीदवाक्यात लिहिले जाई. मुंबई विद्यापीठाच्या ‘शीलवृत्तफला विद्या’ या ब्रीदाचा अर्थ, शील आणि सदाचरण हे विद्येचे फळ होय, असा आहे. ब्रीद या मातीतले. विद्यापीठाची घडण मात्र परदेशातून आलेली. हे कसे झाले ते पाहण्यासाठी १८५४ सालाकडे वळले पाहिजे.

आगगाडी आणि खलिता

ठाण्यापर्यंत आलेली आगगाडी १ मे १८५४ रोजी खाडीवरून पुढे कल्याणला पोचली. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांनी, १९ जुलै १८५४ रोजी, ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांच्या नावाने लंडनहून एक लांबलचक पत्र हिंदुस्थानाकडे रवाना झाले. इतिहासात ते ‘वुडचा खलिता’ म्हणून ओळखले जाते, कारण त्यामागे नियामक मंडळाचे अध्यक्ष सर चार्ल्स वुड होते. कलकत्ता, मद्रास व मुंबई येथे विद्यापीठे स्थापावीत आणि त्यांसाठी लंडन विद्यापीठाचा नमुना समोर ठेवावा, असे त्यात सांगितले होते.

शिक्षण कशासाठी, याचे उत्तरही त्या खलित्यात आहे. लोकांची बुद्धी व नीती उंचवावी, असे एक कारण. सरकारला विश्वासू नोकर मिळावेत, असे दुसरे. तिसरे कारण अधिक रोखठोक आहे : शिकलेल्या हिंदुस्थानामुळे इंग्लंडच्या कारखान्यांना कच्चा माल खात्रीने मिळेल आणि तेथल्या मालाला येथे मागणी वाढेल. ज्ञान आणि व्यापार हे दोन प्रवाह आरंभापासूनच असे एकत्र वाहत आले आहेत. आजच्या फलकावर ‘जागतिक बाजारपेठेसाठी सक्षम मनुष्यबळ’ असे वाचून कोणाला नवल वाटत असेल, तर त्याने वुडचा खलिता वाचावा.

लंडनचा नमुना का निवडला, हेही कॅथलिक वाचकांनी जाणून घेण्यासारखे आहे. त्या काळी ऑक्सफर्डमध्ये नाव घालतानाच आणि केंब्रिजमध्ये पदवी घेताना इंग्लंडच्या राजमान्य चर्चच्या धर्ममतांना संमती द्यावी लागे. त्यामुळे कॅथलिक, यहुदी आणि चर्चबाहेरचे प्रॉटेस्टंट पदवीला मुकत. याला उत्तर म्हणून १८३६ साली लंडन विद्यापीठाला जी सनद मिळाली, तिच्यात कोणताही भेदभाव न करता सर्व वर्गांच्या आणि सर्व पंथांच्या प्रजाजनांना शिक्षणाचे उत्तेजन देणे, हे प्रयोजन लिहिले गेले. ‘सर्व वर्ग व सर्व पंथ’ ही शब्दयोजना मुळात आपल्यासारख्या, दाराबाहेर राहिलेल्या लोकांसाठी होती.

हीच शब्दयोजना समुद्र ओलांडून आली. १८ जुलै १८५७ रोजी, उत्तरेत उठावाचा वणवा पेटलेला असताना, मुंबई विद्यापीठाचा कायदा संमत झाला. त्याच्या प्रास्ताविकात सर्व वर्गांच्या व पंथांच्या प्रजेला नियमित आणि उदार शिक्षणक्रमासाठी उत्तेजन देण्याचा हेतू नमूद आहे. आणि परीक्षा घेऊन ज्यांनी प्रावीण्य मिळवले त्यांना पदव्या देणे, हे विद्यापीठाचे काम ठरवले आहे. शिकवणे हे त्याचे काम नव्हते. ते कॉलेजांनी करावे, विद्यापीठाने परीक्षा घ्यावी, अशी वाटणी होती. १८५९ सालच्या पहिल्या मॅट्रिक परीक्षेला १३२ उमेदवार बसले, त्यांतले २२ उत्तीर्ण झाले. १८६२ साली पहिले चार पदवीधर बाहेर पडले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक.

केवळ परीक्षा घेणाऱ्या या नमुन्यावर इंग्लंडातच टीका होत होती. टीकाकारांत अग्रणी होते जॉन हेन्री न्यूमन. १८५४ सालीच, नोव्हेंबरात, डब्लिनचे कॅथलिक विद्यापीठ त्यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाले. परीक्षा घेऊन पदव्या वाटणाऱ्या संस्थेपेक्षा, तरुणांना नुसते एकत्र आणून एकमेकांकडून शिकू देणारी संस्था त्यांना बरी वाटे. ते विद्यापीठ फार फोफावले नाही. पण न्यूमन यांचा विचार टिकला. २०१९ साली ते संत म्हणून घोषित झाले आणि १ नोव्हेंबर २०२५ रोजी पोप चौदावे लिओ यांनी त्यांना ख्रिस्तसभेचे धर्मपंडित ही पदवी दिली.

कल्याणची यमुना

‘सर्व वर्ग’ असे लिहिले म्हणून सर्व वर्ग आत आले, असे झाले नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुल्यांनी नेमके यावर बोट ठेवले. शेतकऱ्यांच्या श्रमांतून येणारा पैसा उच्चवर्णीयांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि शेतकऱ्यांची मुले मात्र प्राथमिक शाळेलाही मुकतात, असे त्यांचे म्हणणे होते. स्त्रियांची गोष्ट तर निराळीच. विद्यार्थी म्हणजे पुरुष, असे विद्यापीठाने गृहीतच धरले होते. मुंबई विद्यापीठाची दारे स्त्रियांसाठी उघडली ती १८८३ साली, म्हणजे स्थापनेनंतर सव्वीस वर्षांनी.

आणि त्याच १८८३ सालच्या एप्रिल महिन्यात कल्याणच्या जोशी घराण्यातील एक मुलगी कलकत्त्याहून अमेरिकेला जाणाऱ्या बोटीत चढली. तिचे माहेरचे नाव यमुना. जन्म ३१ मार्च १८६५ चा, बालपण कल्याणात. वयाच्या नवव्या वर्षी पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशींशी तिचे लग्न झाले आणि ती आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वेळेवर योग्य उपचार मिळाले असते तर, ही खंत तिच्या मनातून गेली नाही.

येथे आपण ख्रिस्ती वाचकांनी एक अवघड पान वगळू नये. अमेरिकेत शिक्षणाची सोय व्हावी म्हणून गोपाळरावांनी १८८० मध्ये वाइल्डर नावाच्या एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले. मदतीच्या बदल्यात पतिपत्नींनी ख्रिस्ती व्हावे, अशी अपेक्षा पुढे आली. दोघांनी ती नाकारली. तो पत्रव्यवहार वाइल्डर यांच्या मासिकात छापला गेला आणि न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आला. त्या दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. वाचून त्यांनी आनंदीबाईंना पत्र पाठवले, मदत देऊ केली आणि पुढे आपले घरही दिले. अट काहीच घातली नाही. ख्रिस्ती प्रीती कोणत्या पत्रात होती, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

निघण्यापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीत भाषण केले. आपण अमेरिकेला का जातो, येथे शिकण्याची सोय नाही काय, एकट्या का जाता, परत आल्यावर जात बहिष्कार घालील त्याचे काय, अशा लोकांच्या प्रश्नांची त्यांनी एकेक करून उत्तरे दिली. या देशाला स्त्री डॉक्टरांची गरज आहे आणि त्या गरजेसाठी मी स्वतःला पुढे करते, असा त्याचा आशय होता. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असेही त्यांनी सांगितले. फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाकडे पाठवलेल्या अर्जातही त्यांनी हेच प्रयोजन लिहिले : पुरुष डॉक्टरकडून उपचार करून घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या भगिनींना खरी वैद्यकीय मदत पोचवावी.

आम्हांला असे वाटते की कल्याणच्या इतिहासातले पहिले खरे ‘ध्येयनिवेदन’ हेच. ते संस्थेने लिहिलेले नव्हते. अठरा वर्षांच्या विद्यार्थिनीने लिहिले होते. फिलाडेल्फियाचे ते महाविद्यालय १८५० साली, क्वेकर पंथीयांच्या पुढाकाराने, स्त्रियांना वैद्यकशिक्षण देण्यासाठीच स्थापन झाले होते. संस्थेचे ध्येय आणि विद्यार्थिनीचे ध्येय तेथे जुळले. धर्माची अट आडवी आली नाही. तेथे १८८५ मध्ये काढलेल्या एका छायाचित्रात आनंदीबाईंशेजारी जपानच्या केइको ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली दिसतात. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत. ‘आंतरराष्ट्रीय विद्यापीठ’ म्हणजे काय, हे समजून घ्यायला ते छायाचित्र पुरेसे आहे.

मार्च १८८६ मध्ये आनंदीबाईंना पदवी मिळाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रीविभागाच्या प्रमुख म्हणून आनंदीबाईंची नेमणूक झाली. पण क्षयाने पोखरलेले शरीर साथ देईना. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

जर्मनीहून, स्पेनहून, जपानहून

परदेशाहून आलेले प्रत्येक प्रयोजन लंडनमार्गेच आले, असे नाही. १८६९ साली जर्मन येशूसंघीयांनी मुंबईत सेंट झेव्हियर्स कॉलेज सुरू केले. त्याचे लॅटिन ब्रीद बायबलच्या अनुवाद या ग्रंथातील ३२ व्या अध्यायातून, पिलांना उडायला लावणाऱ्या गरुडाच्या प्रतिमेतून घेतले आहे. पहिल्या महायुद्धात जर्मन धर्मगुरूंना येथून जावे लागले. पुढे स्पेनमधील येशूसंघीय आले. त्यांच्यातल्या फादर हेन्री हेरास यांनी १९२६ साली तेथे भारतीय इतिहासाची संशोधनसंस्था उभी केली आणि आयुष्य या देशाच्या भूतकाळाच्या अभ्यासात वेचले. गरुडाचे ब्रीद त्यांनी स्वतःलाही लागू केले म्हणायचे.

महर्षी धोंडो केशव कर्व्यांची दृष्टी पूर्वेकडे वळली. टोकियोत १९०१ साली निघालेल्या स्त्रियांच्या विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या हाती पडली आणि तिच्या प्रेरणेने १९१६ साली आपल्याकडे महिला विद्यापीठ स्थापन झाले. तेच पुढे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांच्या नावाने प्रसिद्ध झाले. कल्पना जपानची, पण कर्व्यांनी तिच्यात मातृभाषेतून उच्च शिक्षण ही आपली गोष्ट घातली आणि ‘संस्कृता स्त्री पराशक्तिः’ हे ब्रीद घेतले. उसने आणलेले येथल्या गरजेला कसे बसवावे, याचा तो धडा होता.

याच विद्यापीठाच्या कुलगुरू म्हणून १९४६ साली हंसा मेहता आल्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर त्या भारताच्या प्रतिनिधी होत्या. जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमाच्या इंग्रजी मसुद्यात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकेल असा शब्द होता. हंसाबेननी आग्रह धरला आणि तेथे ‘सर्व मानव’ असा बदल झाला. १० डिसेंबर १९४८ रोजी संमत झालेल्या त्या जाहीरनाम्याच्या २६ व्या कलमात उच्च शिक्षण गुणवत्तेनुसार सर्वांना सारखेच खुले असावे, असे म्हटले आहे. जगाने आखलेले ध्येय आपण घेतो, हे खरे. पण त्या ध्येयाचा एक शब्द आपल्या विद्यापीठाच्या एका कुलगुरूने जगाला दुरुस्त करून दिला, हेही तितकेच खरे.

फलकांचा काळ

१९९० नंतर वारे बदलले. १९९४ साली बंगळूर येथे राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद, म्हणजे ‘नॅक’, स्थापन झाली. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली आणि तिच्या सेवाविषयक करारात शिक्षणाचीही गणना झाली. ऑक्टोबर १९९८ मध्ये युनेस्कोने पॅरिस येथे उच्च शिक्षणाची जागतिक परिषद भरवली आणि एकविसाव्या शतकासाठी जाहीरनामा काढला. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांत, २०३० पर्यंत सर्व स्त्री-पुरुषांना परवडणारे व दर्जेदार उच्च शिक्षण, हे लक्ष्य आले.

नॅकचे पथक कॉलेजला भेट देई तेव्हा संस्थेची दृष्टी आणि ध्येय काय, हे विचारी. ‘नॅक’ने मूल्यांकनासाठी पाच मूलभूत मूल्ये सांगितली : राष्ट्रविकासाला हातभार, विद्यार्थ्यांत जागतिक क्षमता, मूल्यव्यवस्थेचे संस्कार, तंत्रज्ञानाचा वापर आणि उत्कृष्टतेचा ध्यास. ठाण्यातील विद्या प्रसारक मंडळाची १९६९ सालची महाविद्यालये असोत, कल्याणचे १९७२ सालचे बिर्ला महाविद्यालय असो, की कालपरवा निघालेले एखादे कॉलेज असो, सगळ्यांना मोजायची फूटपट्टी एकच झाली. त्यामुळे गावोगावच्या फलकांवरील शब्द एकमेकांसारखे दिसू लागले. त्यात सर्वस्वी वाईट काही नाही. पूर्वी जे गृहीत धरले जाई ते आता लिहावे लागते आणि लिहिलेल्याचा जाब विचारता येतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही दोन्ही प्रवाह एकत्र आणले आहेत. उच्च शिक्षणात असलेल्या तरुणांचे प्रमाण २०१८ मधील २६.३ टक्क्यांवरून २०३५ पर्यंत ५० टक्क्यांवर न्यावे, असे ते म्हणते. आणि भारत हे जगातील विद्यार्थ्यांचे शिक्षणकेंद्र व्हावे, असेही म्हणते. परदेशी विद्यापीठांना येथे शाखा काढता याव्यात म्हणून २०२३ मध्ये नियमही झाले. ज्ञान आणि व्यापार, खुले दार आणि बाजारपेठ : वुडच्या खलित्यातली जोडी अजून सुटलेली नाही.

ख्रिस्तसभेचे म्हणणे

ख्रिस्तसभेनेही या प्रश्नाचा विचार केला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी घोषणापत्र काढले आणि शिक्षणाचा हक्क प्रत्येक मानवाचा आहे, असे सांगितले. १५ ऑगस्ट १९९० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी कॅथलिक विद्यापीठांसाठी नियम घालून दिले. त्यांत, प्रत्येक कॅथलिक विद्यापीठाने आपली ओळख ध्येयनिवेदनात किंवा तशाच एखाद्या जाहीर दस्तऐवजात मांडावी, असे स्पष्ट म्हटले आहे. आणि पाठोपाठ, तेथे येणाऱ्या प्रत्येकाच्या सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याचा पूर्ण आदर राखावा, असेही म्हटले आहे. आनंदीबाईंच्या पत्राला १८८० मध्ये जे उत्तर मिळाले, त्याची चूक एकशे दहा वर्षांनी आपल्या नियमांत अशी दुरुस्त झालेली दिसते.

तेव्हा आपल्याच संस्थांकडेही याच नजरेने पाहायला हवे. आपल्या कॉन्व्हेंटच्या आणि कॉलेजांच्या भिंतींवरही असे फलक आहेत, त्यांवर दीनदुबळ्यांचा उल्लेख आहे आणि त्यांच्याखालीही फी भरण्याची खिडकी आहे.

त्या वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर आज आम्ही असे देऊ : भिंतीवरचे लिहिलेले असते ते तपासणीला येणाऱ्यांसाठी, आपण विचारत नाही तोवर. ‘सर्व वर्ग’ हे शब्द १८३६ मध्ये दाराबाहेरच्यांनी दार ठोठावले म्हणून लिहिले गेले, १८८२ मध्ये फुल्यांनी त्यांचा जाब मागितला, १८८३ मध्ये कल्याणच्या लेकीने ते आपल्या परीने खरे करून दाखवले. प्रवेशाला जाताना आपणही तो फलक नीट वाचावा आणि मग चार प्रश्न विचारावेत. गरजू मुलांना फीची सवलत किती जणांना मिळाली? मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी वेगळी मदत आहे काय? वाचनालय किती वाजेपर्यंत उघडे असते? पहिल्या वर्षी नापास झालेल्यांचे पुढे काय होते? उत्तरे मिळाली तर फलक खरा आहे, असे समजावे.

त्या मुलीला पुढे दुसऱ्या कॉलेजात प्रवेश मिळाला. तेथील फलक लहान होता. पहिला हप्ता धर्मग्रामातील काही कुटुंबांनी मिळून भरला आणि दुसरा तिने शिकवण्या घेऊन स्वतः भरला.